रक्तदाबाची जुनी गोळी आणि डोक्याला लागलेला मुका मार: प्राझोसिनवरील संशोधन

खलबत्ता

नमस्कार. औषधशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर, वर्गात ज्या औषधांना दोन ओळींत उरकले त्यांच्याकडे पुन्हा सावकाश पाहावे असे मी ठरवले. त्यातले पहिले नाव प्राझोसिनचे आहे. अमेरिकेत १९७६ साली रक्तदाबासाठी मान्यता मिळालेले हे औषध रक्तवाहिन्यांवरील आल्फा-१ ग्राहके, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या ताणाच्या रसायनाचा संदेश टिपणारे रेणू, अडवते. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनने आवळून धरलेली रक्तवाहिनी त्यामुळे सैल पडते आणि दाब उतरतो. रक्तदाबाच्या उपचारात आल्फा-रोधकांच्या या गटाचा मान पुढे कमी झाला, कारण 'ऑलहॅट' नावाच्या मोठ्या चाचणीतील डॉक्साझोसिन या त्याच गटातल्या औषधाची शाखा २००० साली मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत त्या रुग्णांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले होते. तेव्हापासून आल्फा-रोधके मुख्यतः पुरःस्थ ग्रंथीच्या तक्रारींसाठी लिहून दिली जातात. प्राझोसिन मात्र एका आडवाटेने मेंदूच्या विकारांकडे वळले, आणि हा धागा त्या वाटेविषयी आहे.

सिअ‍ॅटलच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ मरे रास्किंड यांनी युद्धाच्या धक्क्यातून होणाऱ्या दुःस्वप्नांसाठी हे औषध वापरले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या तुलनात्मक चाचणीत व्हिएतनाम युद्धातील अवघे दहा माजी सैनिक होते. या गटातली बहुतेक औषधे मेंदूत फारशी शिरत नाहीत, प्राझोसिन शिरते; म्हणून मेंदूच्या खोडातील ज्या निळसर ठिपक्यातून, म्हणजे लोकस सेरुलियसमधून, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सर्वत्र पसरते, त्याचा रात्रीचा गोंगाट या गोळीने शमत असावा असा त्यांचा तर्क होता. इराक आणि अफगाणिस्तानातून सैनिक परतू लागले तेव्हा दुःस्वप्नांच्या जोडीला दुसरी तक्रार पुढे आली. स्फोटाच्या हादऱ्याने काही क्षण शुद्ध हरपलेले, कवटी शाबूत आणि सीटी स्कॅन स्वच्छ असलेले हे तरुण महिनोन्‌महिने डोके धरून बसत होते.

क्लीव्हलँडचे रॉबर्ट रफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अशा ७४ माजी सैनिकांची हकीकत मांडली. त्यांना झोपेची शिस्त शिकवली गेली आणि रात्री प्राझोसिन दिले गेले. नऊ आठवड्यांनंतर डोकेदुखीची कमाल तीव्रता दहापैकी ७.२८ वरून ४.०८ वर आली आणि महिन्यातील डोकेदुखीच्या वेळा साधारण बारावरून पाचाच्या आत आल्या. आकडे लक्ष वेधून घेणारे आहेत, पण बरोबरीचा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणारा, गट नव्हता आणि दोन उपचार एकत्र दिले होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे हे त्या अभ्यासातून ठरत नाही.

तो प्रश्न २०२३ साली 'हेडेक' या नियतकालिकातील चाचणीने अर्धा सोडवला. सिंथिया मेयर, एलेन पेस्किंड, रास्किंड आणि सहकारी यांनी सौम्य मेंदू-आघातानंतर जुनाट डोकेदुखी जडलेल्या ४८ सैनिकांना आणि माजी सैनिकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले: ३२ जणांना प्राझोसिन, १६ जणांना प्लासिबो. मात्रा पाच आठवडे पायरीपायरीने वाढवत सकाळी ५ आणि रात्री २० मिलिग्रॅमपर्यंत नेली आणि तिथे बारा आठवडे ठेवली. सुरुवातीला चार आठवड्यांतले सुमारे अठरा दिवस डोकेदुखीत जात होते. प्राझोसिन गटात त्यातले ११.९ दिवस कमी झाले आणि प्लासिबो गटात ६.७. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आलेल्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्के विरुद्ध २९ टक्के असे होते.

माझे मत असे की, ४८ माणसांच्या चाचणीवर उपचाराचा नियम बसवता येत नाही. परंतु डोक्याला मार लागल्यानंतरच्या डोकेदुखीसाठी आजवर मायग्रेनची औषधे उसनवारीने वापरली गेली आहेत, त्या परिस्थितीत ही चाचणी दुर्लक्षून चालणार नाही. मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. ही गोळी वेदनेवर चालते, की झोपेवर चालून वेदनेला हात घालते?


शंकेखोर

लेख नेटका आहे, पण उत्साहाला थोडा लगाम घालतो. माझा व्यवसाय संख्याशास्त्राचा आहे. प्लासिबो गटातही जवळजवळ सात दिवस कमी झाले, हे आपण ओझरते सांगून पुढे गेलात. डोकेदुखी सर्वांत वाईट असताना माणूस चाचणीत नाव नोंदवतो आणि पुढे काहीही केले तरी ती थोडी उतरतेच. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा चार आठवड्यांत पाच दिवसांच्या आसपास उरतो. तो लहान नव्हे, हेही मान्य करतो.

माझी खरी धास्ती याच औषधाच्या पूर्वेतिहासाची आहे. दुःस्वप्नांच्या बाबतीतही आधी लहान चाचण्या झाल्या, त्या एकामागून एक यशस्वी ठरल्या, २०१३ सालची ६७ सैनिकांची चाचणीही चांगली निघाली. नंतर १३ केंद्रांवर ३०४ माजी सैनिकांना घेऊन मोठी चाचणी झाली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये तिचा निकाल आला, तेव्हा प्राझोसिन आणि प्लासिबो यांत फरक उरला नव्हता. त्या मोठ्या चाचणीचे प्रमुखही रास्किंडच होते, त्यामुळे पूर्वग्रहाचा आरोप त्यांच्यावर करता येत नाही. उलट स्वतःच्या आवडत्या कल्पनेविरुद्धचा निकाल त्यांनी छापला, याबद्दल मला आदर आहे. पण डोकेदुखीची कहाणी आज नेमकी २०१३ च्या मुक्कामावर उभी आहे.


खलबत्ता

शंकेखोर, आपला आक्षेप मला मान्य आहे, तरी त्या अपयशाचे एक उपकथानक इथे नोंदवावेसे वाटते. २०१३ च्या चाचणीतील माहिती पुन्हा चाळल्यावर असे दिसले की, उपचारापूर्वी ज्या सैनिकांचा रक्तदाब वरच्या बाजूला होता त्यांना प्राझोसिनचा अधिक लाभ झाला होता. हे निरीक्षण २०१६ साली प्रसिद्ध झाले. वरचा दाब ही शरीरातील नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या भरतीची बाहेरून दिसणारी खूण मानली, तर ज्याच्याकडे ही भरती आहे त्यालाच रोधकाचा उपयोग व्हावा, हे तर्काला धरून आहे. मोठ्या चाचणीत प्रकृती अस्थिर असलेल्या रुग्णांना घेतले नव्हते, म्हणजे ज्यांच्यात भरती सर्वांत मोठी असण्याचा संभव तेच वगळले गेले. ही सबब आहे की स्पष्टीकरण, हे पुढच्या चाचण्यांनी ठरवावे. डोकेदुखीच्या पुढील चाचणीत मात्र रुग्णांची विभागणी आरंभीच्या रक्तदाबानुसार व्हावी, असे मला आग्रहाने वाटते.


रायगडचा_वैद्य

हा धागा वाचताना आमच्या भागातील डॉक्टरला विंचू आठवला नाही तर नवल. प्राझोसिनचे नाव कोकणात रक्तदाबामुळे झालेले नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर हे औषध वापरले आणि १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते अनुभव छापले. या विंचवाचे विष चेतातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते, शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात आणि थकलेल्या हृदयामागे फुप्फुसांत पाणी भरते. त्यांची पद्धत अशी की, मोठ्या माणसाला ५०० मायक्रोग्रॅम आणि मुलाला २५० मायक्रोग्रॅम तोंडाने द्यायचे, आणि हातपाय कोरडे व गरम होईपर्यंत दर तीन तासांनी ते पुन्हा द्यायचे. पूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांतील तीस-चाळीस टक्के दगावत. ते प्रमाण काही थोड्या टक्क्यांवर आले. पुढे २०११ साली 'बीएमजे'मध्ये ७० रुग्णांची चाचणी आली आणि प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनीच दाखवले.

हे इथे लिहिण्याचे कारण साधर्म्य हे आहे. डोक्याला जबर मार लागल्यावरही असेच वादळ उठते. फरक इतकाच की विंचवाच्या बाबतीत वादळ शमवले की काम झाले. मेंदूच्या बाबतीत दाब खाली आणणे हीच मोठी चूक ठरू शकते. गंभीर मेंदू-आघातात वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचा धोका दुपटीच्या आसपास वाढतो, हे १९९३ पासून माहीत आहे. म्हणून अपघात विभागात नुकत्याच आणलेल्या रुग्णाला आल्फा-रोधक देण्याचा विचार कोणी या धाग्यावरून करू नये. मेयर यांच्या चाचणीतील रुग्ण आघातानंतर बऱ्याच काळाने आलेले, चालतेबोलते होते.


मृण्मयी_वॉशिंग्टन

मी सिअ‍ॅटलजवळ फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत शाळेचे फुटबॉल खेळाडू आणि माजी सैनिक, दोन्ही असतात. 'हादरा' हा एकच शब्द या दोघांना लावला जातो, याची मला नेहमी अडचण वाटते. खेळाडू बहुधा दोन-चार आठवड्यांत पूर्ववत होतो. सैनिकाच्या बाबतीत स्फोट, जागरण, दुःस्वप्ने, खांद्याचे जुने दुखणे आणि घरातले ताण यांचा गुंता झालेला असतो. अमेरिकी सैन्यात २००० सालापासून नोंदवलेल्या मेंदू-आघातांची संख्या साडेचार लाखांच्या वर गेली असून त्यांतील बहुसंख्य सौम्य आहेत, म्हणूनच हे संशोधन सैनिकी रुग्णालयांत वाढले. त्यांच्यावर मिळालेला निष्कर्ष पंधरा वर्षांच्या गोलरक्षक मुलीला लागू होईल असे गृहीत धरू नये.

खलबत्ता सरांच्या प्रश्नावर माझे झुकते माप झोपेकडे आहे. झोप बसली की माझ्या रुग्णांची मान सैल होते, उजेडाचा त्रास कमी होतो, व्यायाम झेपू लागतो. डोकेदुखी सर्वांत शेवटी हटते. हा पुरावा नाही, निरीक्षण आहे.


अनुस्वार

झोपेचा विषय निघाला आहे तर मेंदूच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेचा उल्लेख व्हायला हवा. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. रोचेस्टरच्या माइकेन नेडरगार्ड यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली उंदरांत दाखवले की, मेंदूभोवतीचा द्रव धमन्यांच्या कडेकडेने आत झिरपतो, ताऱ्यांच्या आकाराच्या आधारपेशींतील अ‍ॅक्वापोरिन-४ या जलद्वारांच्या साहाय्याने पेशींमधल्या जागा धुतो आणि कचरा घेऊन बाहेर पडतो. तिला त्यांनी ग्लिम्फॅटिक व्यवस्था म्हटले. २०१३ साली त्यांनीच पुढे सांगितले की झोपेत पेशींमधली जागा रुंदावते आणि जागेपणी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रोखले तरी तसाच परिणाम मिळतो.

प्राझोसिन यात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर'मधील शोधनिबंधातून आले. उंदरांच्या डोक्याला मार दिल्यावर नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची लाट उसळते, ग्लिम्फॅटिक आणि मानेतील लसिकावाहिन्यांचा प्रवाह मंदावतो आणि मेंदूला सूज येते. संशोधकांनी प्राझोसिन, प्रोप्रॅनोलॉल आणि अ‍ॅटिपामेझोल अशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची तिन्ही प्रकारची ग्राहके अडवणारी औषधे एकत्र दिली, तेव्हा प्रवाह बऱ्याच अंशी पूर्ववत झाला, सूज उतरली आणि उंदरांची हालचाल व स्मरणशक्ती सुधारली. सूज म्हणजे रक्तातून मेंदूत झिरपलेले पाणी, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. इथे तुंबलेली मोरी हेही एक कारण असू शकते असे पुढे आले. मला हा निबंध वाचताना विद्यार्थिदशेतला आनंद झाला.


शंकेखोर

अनुस्वार, तुंबलेल्या मोरीची उपमा आवडली, पण तिच्यात तीन पाणी मुरण्याच्या जागा आहेत. तिथे तीन औषधे एकत्र होती, त्यामुळे एकट्या प्राझोसिनला श्रेय देता येत नाही. तिथला आघात सूज आणणारा होता, तर आपण ज्या मुक्या माराविषयी बोलत आहोत त्यात स्कॅन स्वच्छ असतो. आणि पायाच वादात आहे. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील निक फ्रँक्स यांच्या गटाने २०२४ साली उंदरांवरच उलट मोजमाप मांडले: झोपेत आणि भुलीखाली मेंदूतून रंगद्रव्य बाहेर पडण्याचा वेग वाढला नाही, घटला.


अनुस्वार

तो वाद मला माहीत आहे आणि त्यात मी एक भर घालतो, जी आपल्या बाजूला बळकटी देईल. खुद्द नेडरगार्ड यांच्या गटाने २०२५ च्या जानेवारीत 'सेल'मध्ये दाखवले की, गाढ झोपेत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन शून्यावर जात नाही. ते संथ लाटांनी चढते-उतरते, त्याबरोबर रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावतात आणि हाच भाता द्रवाला पुढे ढकलतो. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीने उंदीर झोपले, पण लाटा दबल्या आणि धुलाई मंदावली. आता अडचण पाहा. लाटेचा हा जोर रक्तवाहिनीच्या भिंतीपर्यंत पोहोचतो तो ग्राहकांच्या मार्गाने, आणि प्राझोसिन नेमकी त्यांतली आल्फा-१ ग्राहके अडवते. मग ते भाता मोकळा करते की बंद पाडते?

माझे उत्तर असे आहे, आणि ते अनुमान समजावे. आघातानंतर पातळी सतत चढलेली राहत असेल, तर लाटेला उतारच मिळत नाही. भाता दाबून धरला तर हवा सुटत नाही. हात थोडा सैल केला तरच तो पुन्हा चालतो. अंशतः रोध उपकारक आणि पूर्ण रोध अपायकारक, असे दोन्ही शक्य आहे. माणसांत मात्रेनुसार फरक पाहिल्याखेरीज हे उकलणार नाही.


पावसाळी

सर्व जाणकारांना नमस्कार. माझा भाचा चार महिन्यांपूर्वी साताऱ्याजवळ दुचाकीवरून घसरला. हेल्मेट होते, काही मिनिटे शुद्ध नव्हती, सीटी स्कॅन व्यवस्थित आला. जिथे नेले तिथे 'मुका मार आहे, आठ दिवसांत बरे वाटेल' असे सांगून घरी पाठवले आणि पुढे काय पाहायचे हे कोणी सांगितले नाही. आता आठवड्यातून चार-पाच दिवस डोके दुखते, झोप तुटक आहे, रोज एखादी वेदनाशामक गोळी घेतो. माझे वडील रक्तदाबासाठी प्राझोसिन घेत, त्याच्या काही गोळ्या घरात आहेत. हा धागा वाचून भाचा म्हणाला, 'मामा, एक घेऊन बघू का?' मी थांबवले आहे. योग्य केले ना?


रायगडचा_वैद्य

अगदी योग्य केलेत. या औषधाचा पहिला डोस कुप्रसिद्ध आहे. पहिल्या गोळीनंतर तास-दीड तासात माणूस उठून उभा राहिला की दाब एकदम घसरतो आणि तो कोसळतो. डोक्याला आधीच मार लागलेला मुलगा रात्री मोरीत जाताना पुन्हा डोक्यावर पडला, तर औषधानेच दुसरा हादरा दिल्यासारखे होईल. म्हणून डॉक्टर एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने, रात्री अंथरुणावर बसवून सुरुवात करतात. दुसरे, आपल्याकडे ही गोळी बहुधा सावकाश विरघळणाऱ्या स्वरूपात, २.५ आणि ५ मिलिग्रॅममध्ये मिळते. साध्या प्राझोसिनचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून वर सांगितलेल्या चाचणीत ते दिवसातून दोनदा दिले होते. त्या चाचणीतील मिलिग्रॅम उचलून या गोळीला लावता येणार नाहीत. बीटा-रोधक चालू असल्यास किंवा सिल्डेनाफिलच्या जातीची गोळी घेतल्यास दाब आणखी घसरतो.

भाच्याच्या बाबतीत मला आधी वेदनाशामक गोळीचीच शंका येते. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. चेताविकारतज्ज्ञांना हे सर्वप्रथम सांगा. वारंवार उलट्या, वाढती गुंगी, एका बाजूचा अशक्तपणा किंवा झटका, यांपैकी काही दिसले तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नका.


मृण्मयी_वॉशिंग्टन

पावसाळी, आजपासून एक वही घाला. किती वाजता दुखले, दहापैकी किती, किती तास झोप झाली, कोणती गोळी घेतली. चाचण्यांतही शेवटी अशीच नोंद मोजली जाते. चार आठवड्यांच्या नोंदी हातात असल्या की डॉक्टरांशी होणारे बोलणे बदलते. मानेची तपासणीही करून घ्या; दुचाकीच्या अपघातात मानेला बसलेला झटका डोकेदुखीच्या वेषात येतो.


शंकेखोर

एक व्यावहारिक बाजू राहिली. प्राझोसिनचे पेटंट कधीच संपले आहे. ज्या गोळीवर कोणाला फारसा नफा नाही तिच्यासाठी मोठी चाचणी कोण करणार? आजवरचा भार अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्यव्यवस्थेने उचलला आणि पुढचा टप्पाही बहुधा सरकारी पैशानेच व्हावा लागेल. दुचाकीच्या अपघातांची भारतातील संख्या पाहता अशी चाचणी इथे का होऊ नये, हा प्रश्न मी संशयवादी असूनही विचारतो. विंचवाच्या बाबतीत एका तालुक्याच्या गावी बसून ते झाले होते.


खलबत्ता

चर्चेने मला माझा मूळ प्रश्न बदलायला लावला आहे. 'वेदना की झोप' असे दोन कप्पे मी केले होते. अनुस्वार यांचा भाता आणि वैद्यांचा विंचू पाहिल्यावर दोन्ही कप्प्यांच्या मुळाशी एकच अतिरेकी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन असण्याची शक्यता मला अधिक दिसते. तसे असेल तर रात्रीच्या डोसाबरोबर सकाळचा ५ मिलिग्रॅमचा डोस देण्यालाही अर्थ आहे. गोळीचे काम केवळ झोपेपुरते असते तर तो द्यावाच लागला नसता. फक्त रात्री आणि दोन्ही वेळा असे गट करून कोणी तुलना केली, तर माझ्या दृष्टीने तीच पुढची महत्त्वाची चाचणी ठरेल.


पावसाळी

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. चेताविकारतज्ज्ञांनी भाच्याचा रक्तदाब झोपवून आणि उभे करून, असा दोनदा मोजला. उभे राहिल्यावर तो आधीच पंधराने उतरत होता, त्यामुळे प्राझोसिनचा विषय त्यांनी तिथेच संपवला. वेदनाशामक गोळी टप्प्याटप्प्याने बंद केली, मानेचे व्यायाम सुरू झाले. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. वहीतल्या पहिल्या आठवड्यात डोकेदुखीचे सहा दिवस होते, गेल्या आठवड्यात तीन आहेत. रात्री दोनला जाग येते ती अजून येते. वडिलांच्या उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत देऊन आलो.